गच्चीवरून दिसणारे डोंगर

आल्प्सची छायाचित्रे पाहण्यात गढलेल्या आमच्या भाच्याने परवा सिल्वासाच्या गच्चीवरून पूर्वेकडच्या डोंगरांकडे बोट दाखवले. ‘मामा, आपला सह्याद्री एवढा बुटका का?’ माँ ब्लाँ ४,८०० मीटरांहून उंच, आमचे कळसूबाई १,६४६ आणि बागलाणातील साल्हेर १,५६७ मीटर! प्रश्न रास्तच होता.

परंतु दोघांची जन्मकथा निराळी. आल्प्स हा वळीपर्वत. आफ्रिका व युरोप यांच्या रेट्याने भूकवचाला वळ्या पडून तो उभा राहिला. सह्याद्री म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाच्या पठाराची पश्चिम कड. घाटमाथ्यावरून पाहावे तर टेकडी, कोकणातून पाहावे तर भिंत!

याच भिंतीत, नाशिक जिल्ह्यात उगम पावणारी दमणगंगा मधुबनच्या जलाशयातून सिल्वासावरून दमणच्या समुद्राला मिळते. दुधनीला आज सहलीच्या नौका फिरतात. त्या पाण्याखाली आदिवासींची शेते गेली, हे नौकेत बसणाऱ्यास कोण सांगतो? आता भुगड व खारगीहिल येथे धरणे बांधून पिंजाळमार्गे मुंबईला पाणी नेण्याची योजना आहे. मुंबईत आमचेही आप्त आहेत. त्यांच्या तहानेला नाही म्हणवत नाही. तरी जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी दरी उतरणाऱ्या बायकांचा वाटा आधी ठरावा, असे आम्हांस वाटते.

भाच्याला पावसाळ्यानंतर साल्हेरला न्यायचे कबूल केले आहे. गुडघ्यांची संमती अद्याप घ्यावयाची आहे.