पर्यावरण अहवालावर कामगाराचीही सही हवी



सोने-चांदी खणणाऱ्या मोठ्या कंपन्या दरवर्षी ताळेबंदाबरोबर आणखी एक पुस्तक काढतात. कागद गुळगुळीत, मुखपृष्ठावर हिरवे डोंगर आणि हेल्मेट घातलेला हसरा कामगार. आत तक्तेच तक्ते: पाणी किती उपसले, किती परत वापरले, धूर किती सोडला, झाडे किती लावली. याला पर्यावरण कामगिरीचा अहवाल म्हणतात. रेल्वेच्या आणि टपाल खात्याच्या कर्मचाऱ्याला याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. आमच्या मते दोन कारणांनी कर्तव्य आहे.

पहिले कारण पैशाचे. १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या नागरी सेवेत नव्याने लागलेल्या कर्मचाऱ्यांना जुन्या पेन्शनऐवजी एनपीएस लागू झाली. त्या वर्गणीतला काही हिस्सा शेअर बाजारात जातो. म्हणजे आपल्या पगारातून कापलेला पैसा कंपन्यांच्या भांडवलात जातो आणि त्या कंपन्या किती ‘स्वच्छ’ आहेत हे सांगणारा कागद म्हणजे हाच अहवाल. दुसरे कारण तत्त्वाचे. काम करणाऱ्यानेच आपल्या कामाचा दाखला लिहायचा आणि आपणच तो खरा मानायचा, हा प्रश्न रेल्वेने फार पूर्वी सोडवला आहे. त्याकडे पुढे येऊ.

आधी खाण समजून घेऊ. आजच्या अनेक उघड्या खाणींत एक टन दगडातून जेमतेम एक-दोन ग्रॅम सोने निघते. दगड फोडून त्याचे ढीग रचतात, ढिगावर सायनाइडचे पातळ द्रावण ठिबकवतात, ते सोने विरघळवून खाली आणते. दहा ग्रॅमच्या अंगठीमागे कित्येक टन कचरा उरतो. खाण बंद झाली तरी तो तिथेच राहतो. म्हणून सोन्याच्या कंपनीचा खरा हिशेब किती सोने काढले हा नसून मागे काय ठेवले, हा आहे. आणि तो हिशेब आज कंपनीच लिहिते.

ती तो कसा लिहिते, हे अर्जेंटिनात दिसले. सान हुआन प्रांतात अँडीज पर्वतात वेलादेरो ही सोन्याची खाण आहे. कॅनडाच्या बॅरिक गोल्ड या बड्या कंपनीने ती उभारली. २०१७ मध्ये तिचा अर्धा हिस्सा चीनच्या शांदोंग गोल्डकडे गेला. सप्टेंबर २०१५ मध्ये तेथे द्रावणाच्या पाइपचा व्हॉल्व्ह निकामी झाला. ओढ्याकडे जाणाऱ्या चराचे दार बंद असायला हवे होते, ते उघडे होते. सायनाइडचे द्रावण ओढ्यातून नदीत गेले. खालच्या हाचाल गावाला ही गोष्ट कळली ती खाणीतल्या कामगारांनी व्हॉट्सॲपवर घरच्यांना पाठवलेल्या निरोपांतून. पाणी पिऊ नका, असे सांगणारा पहिला माणूस कामगार होता.

पुढे आकडे बाहेर येऊ लागले. सुरुवातीला सांगितले गेले १५ हजार लिटर. काही दिवसांनी ते झाले २ लाख २४ हजार लिटर. शेवटी मान्य झाले की गळती १० लाख लिटरहून अधिक होती. द्रावण तेच, व्हॉल्व्ह तोच, आकडा मात्र साठ-सत्तर पट वाढला. २०१६ मध्ये प्रांत सरकारने सुमारे ९८ लाख डॉलरचा दंड केला. तरी त्याच वर्षी सप्टेंबरात आणि पुन्हा मार्च २०१७ मध्ये त्याच खाणीत पाइप फुटले. गावकरी आणि कामगार ओरडले नसते, तर अहवालात कोणता आकडा छापला गेला असता, याचा विचार वाचकांनीच करावा.

आकडा खोटा असावाच लागतो, असेही नाही. खरा आकडासुद्धा सोयीने मांडता येतो. समजा, एका खाणीने यंदा प्रत्येक औंस सोन्यामागे पाणी दहा टक्क्यांनी कमी वापरले, पण सोने दीडपट काढले. अहवालात मोठ्या अक्षरात येणार ‘पाणीवापरात दहा टक्के बचत’. गावच्या विहिरीला मात्र एकूण पस्तीस टक्के पाणी जास्त गेलेले दिसणार. दोन्ही विधाने खरी. दुसरी युक्ती मोजण्याच्या जागेची. ही आपल्या रेल्वे बंधूंना लगेच कळेल. शेवटच्या स्टेशनाआधी वेळापत्रकात जादा मिनिटे ठेवली, की वाटेत रखडलेली गाडीही शेवटी ‘वेळेवर’ पोचते. वक्तशीरपणाचा तक्ता छान दिसतो आणि मधल्या स्टेशनावरचा प्रवासी ताटकळतो. खाणीतही पाण्याचा नमुना कुठे, कोणत्या दिवशी आणि कोणाच्या देखत घेतला, यावर निकाल ठरतो. तिसरी युक्ती कंत्राटदाराची. काम त्याच्याकडे दिले, की त्याच्या माणसांची दुखापत आणि त्याच्या डंपरचा धूर कंपनीच्या तक्त्यात धरायचा की नाही, हे कंपनीच्या मर्जीवर राहते.

‘पण बाहेरची संस्था तपासून दाखला देते ना?’ असे विचारले जाते. दाखल्याची किंमत ब्राझीलमध्ये कळली. २५ जानेवारी २०१९ रोजी ब्रुमाडिन्यो येथे वाले कंपनीच्या खाणीचा गाळ अडवणारा बांध फुटला. ती खाण लोखंडाची होती, पण गाळ साठवण्याची पद्धत आणि दाखल्याची पद्धत तीच. २७० माणसे मेली, बहुतेक खाणीतलेच कामगार आणि कंत्राटी कामगार. त्यांचे कॅन्टीन बांधाच्या खालच्या अंगाला होते. हा बांध स्थिर असल्याचा दाखला एका नामवंत जर्मन संस्थेने २०१८ मध्येच दिलेला होता. दाखला देणाऱ्याची फी कंपनी भरते. ज्याची फी त्याचाच दाखला, हे सांगायला ज्योतिषी नको.

स्वेच्छेच्या नियमांचेही तसेच. ३० जानेवारी २००० रोजी रोमानियात बाया मारे येथे सोन्याच्या कारखान्याचा बांध फुटला. सायनाइडमिश्रित सुमारे १ लाख घनमीटर पाणी नद्यांत गेले आणि हंगेरीत तिसा नदीतले मासे टनांनी मेले. त्यानंतर जगात सायनाइड वापराची आचारसंहिता तयार झाली. तिच्यामुळे काही सुधारणा झाली, हे आम्ही नाकारत नाही. पण ती स्वीकारायची की नाही, हे कंपनीच्या इच्छेवर आहे. सिग्नल पाळणे ड्रायव्हरच्या इच्छेवर सोडले, तर आपण त्या गाडीत बसू काय?

आता आपल्या देशाकडे वळू. बंगारपेठहून मारिकुप्पमला जाणारी छोटी रेल्वे शाखा कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी एकोणिसाव्या शतकात टाकली गेली. या खाणी १८८० पासून जॉन टेलर कंपनीने चालवल्या, पुढे त्या सरकारी झाल्या आणि भारत गोल्ड माइन्सने २८ फेब्रुवारी २००१ रोजी त्या बंद केल्या. जमिनीखाली तीन किलोमीटरपर्यंत माणसे उतरली. अनेकांच्या फुप्फुसांत दगडाची धूळ बसली. सोने गेले, नोकऱ्या गेल्या. राहिले काय? खनिजाच्या चुऱ्याचे तेरा ढिगारे, सुमारे ३ कोटी ३० लाख टन वजनाचे आणि हजारेक एकरांवर पसरलेले. लोक त्यांना ‘सायनाइडचे डोंगर’ म्हणतात. वारा सुटला की ती धूळ वस्तीत येते. २०२४ मध्ये या ढिगाऱ्यांतून पुन्हा सोने काढण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला कर्नाटक मंत्रिमंडळाने संमती दिली. आज केजीएफचे हजारो लोक पहाटेच्या गाडीने बंगळुरूला मजुरीला जातात. शंभरहून अधिक वर्षांच्या ताळेबंदांत त्या धुळीचा रकाना नव्हता. जो खर्च कंपनी लिहीत नाही, तो कामगाराच्या छातीत आणि त्याच्या मुलांच्या डोळ्यांत जमा होतो.

मग अहवाल नकोतच काय? मुळीच नाही. छापलेला आकडा पकडता येतो, न छापलेला पकडता येत नाही. आपल्याकडे पर्यावरण नियमांप्रमाणे उद्योगांनी दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत राज्य प्रदूषण मंडळाला पर्यावरण विवरण द्यायचे असते. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाने अटी पाळल्याचा सहामाही अहवाल द्यायचा असतो आणि तो सार्वजनिक दस्तऐवज असतो. शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीने असाच अहवाल सक्तीचा केला. कायदा आहे, नमुने आहेत, तारखा आहेत. उणीव एकच: लिहिणारा हात व्यवस्थापनाचा आहे.

इथे रेल्वेचा धडा कामाला येतो. गंभीर अपघाताची चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाहीत. ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आहेत. १९४१ मध्ये रेल्वे निरीक्षकांना रेल्वे बोर्डापासून अलग केले, तेव्हा त्यांना ज्या खात्याकडे सोपवले ते टपाल व हवाई खाते होते. तत्त्व साधे: गाडी चालवणाऱ्याने स्वतःच्या अपघाताचा न्याय करू नये. आयुक्तांसमोर कीमन, पॉइंट्समन, गार्ड यांची साक्ष नोंदली जाते, कारण रूळ काय सांगत होता हे त्यांनाच ठाऊक असते. भोपाळनंतर १९८७ मध्ये फॅक्टरी कायद्यात सुधारणा झाली, तेव्हा धोक्याच्या कारखान्यांत सुरक्षा समितीवर कामगारांना बरोबरीचे स्थान मिळाले. कामगाराच्या नजरेला कायद्याने एकदा किंमत दिली आहे. ती अहवालापर्यंत नेणे एवढेच बाकी आहे.

म्हणून आमच्या मागण्या अशा:

१. खाण कंपनीच्या पर्यावरण अहवालावर मान्यताप्राप्त युनियनच्या प्रतिनिधीची सही असावी. मतभेद असल्यास कामगारांचे म्हणणे त्याच अहवालात, त्याच आकाराच्या अक्षरांत छापावे.

२. तपासणारी संस्था कंपनीने निवडू नये. फी सरकारी निधीतून जावी आणि कंपनीकडून ती वसूल व्हावी.

३. दर औंसामागचा आकडा आणि एकूण आकडा शेजारी शेजारी छापावेत. कंत्राटी कामगार त्यात धरावेत.

४. गळतीची बातमी देणाऱ्या कामगारावर, कायम असो वा कंत्राटी, कारवाई होऊ नये.

५. अहवाल स्थानिक भाषेत खाणीच्या दारावर आणि गावच्या पोस्टात लावावा.

६. एनपीएसचा पैसा कोणत्या कंपन्यांत आहे आणि त्यांचे पर्यावरणाचे वर्तन कसे आहे, हे वर्गणीदारांच्या संघटनांना दरवर्षी समजावून सांगावे.

‘अशा अटी घातल्या तर खाणी बंद पडतील, रोजगार जाईल’ ही धमकी नवी नाही. कोलारची खाण कडक अटींमुळे बंद पडली नाही. अटी नसताना ती चालली, तोट्यात बंद झाली आणि घाण कामगारांच्या वाट्याला ठेवून गेली. खऱ्या हिशेबाने रोजगार जात नाही. खोट्या हिशेबाने आधी आरोग्य जाते, मग रोजगार जातो.

शाखांना आमची विनंती आहे. आपल्या भागातील कोणत्याही खाणीचा किंवा कारखान्याचा सहामाही अहवाल अर्ज करून मागवा. तो सभेत वाचा आणि तेथील कामगारांना समोर बसवून विचारा: यातले खरे किती? ज्या दिवशी कंपनीला ठाऊक होईल की हे पुस्तक कामगार वाचतो, त्या दिवसापासून ते वेगळे लिहिले जाईल.