‘सरकारी’ आणि ‘खाजगी’ : दोन अपुरी विशेषणे

आजाऱ्याला जेथे न्यायचे त्या जागेसाठी मराठीत तीन शब्द आहेत आणि तिघांचे गाव वेगळे आहे. ‘दवाखाना’ अरबी-फारसीच्या वाटेने आला, ‘इस्पितळ’ पोर्तुगिजांच्या गलबतातून उतरले आणि ‘रुग्णालय’ आपण संस्कृतातून घडवून घेतले. आज मात्र या तिन्हींपैकी कोणताही शब्द एकटा उभा राहू शकत नाही. पेशंटला कुठे ठेवले, या प्रश्नाचे उत्तर ‘सरकारीत’ किंवा ‘खाजगीत’ असेच येते; नाम गळून पडते आणि विशेषणच नामाच्या जागी बसते. शिवाय या विशेषणांचा अर्थही कोशातला राहिलेला नाही. ‘सरकारी’ म्हणजे शासनाने चालवलेले एवढेच नव्हे, तर ज्याला दुसरा उपाय नाही त्याच्यासाठी असलेले. आणि ‘खाजगी’ म्हणजे एखाद्याच्या मालकीचे एवढेच नव्हे, तर जेथे जाणे हे ऐपतीचे लक्षण आहे असे. शब्दार्थात झालेला हा बदल आम्हां भाषेच्या अध्यापकांना दुर्लक्ष करण्याजोगा वाटत नाही.

देशोदेशींच्या आरोग्यव्यवस्थांची तुलना आपल्याकडे याच दोन विशेषणांच्या आधारे केली जाते. एक पक्ष ब्रिटनकडे बोट दाखवतो, दुसरा अमेरिकेकडे. आमचे मत असे की, मालकी कोणाची हा या तुलनेतील दुय्यम प्रश्न आहे. पहिले प्रश्न तीन : आजारपणाच्या क्षणी पैसे कोण मोजतो? उपचार घरापासून किती अंतरावर मिळतो? आणि सुस्थित माणूस त्याच दारातून आत येतो काय?

या प्रश्नांनिशी पाहू गेल्यास परिचित चित्र बरेच बदलते. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. अन्यूरिन बेव्हन यांनी रुग्णालये राष्ट्राच्या ताब्यात घेतली. परंतु गल्लीतला नेहमीचा डॉक्टर सरकारी नोकर झाला नाही, तो कराराने काम करणारा स्वतंत्र व्यावसायिकच राहिला. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ साली कामगारांसाठी सक्तीचा आजारविमा आणला. तेथील रुग्णालये आजही शासकीय, धर्मादाय आणि खाजगी अशा तिन्ही प्रकारची आहेत. मात्र दहांतील सुमारे नऊ माणसे कायद्याने नेमलेल्या विमानिधींच्या छत्राखाली आहेत. कॅनडात डॉक्टर बहुतांशी स्वतःचा व्यवसाय करतात, पण त्यांचे बिल सरकार भरते. सस्कॅचेवान प्रांताने १९६२ साली ही पद्धत आणली तेव्हा तेथील डॉक्टर तीन आठवड्यांहून अधिक काळ संपावर गेले होते. पुढे १९८४ च्या कायद्याने, रुग्णाकडून वरकड पैसे घेऊ देणाऱ्या प्रांतांचे केंद्रीय अनुदान कापण्याची तरतूद झाली. अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १७ टक्के रक्कम आरोग्यावर खर्च करते. वृद्धांसाठी आणि गरिबांसाठी १९६५ पासून तेथे सरकारी योजनाही आहेत. तरीही २०१० च्या मोठ्या कायद्यानंतरदेखील कोट्यवधी माणसे तेथे विम्यावाचून राहिली.

म्हणजे ‘खाजगी’ डॉक्टर ब्रिटनमध्ये आहे, जर्मनीत आहे, कॅनडातही आहे. फरक मालकीत नाही. खाटेवर पडलेल्या माणसाला त्या क्षणी खिसा चाचपावा लागतो की नाही, यात आहे. या व्यवस्था निर्दोष आहेत असे आमचे म्हणणे नाही. इंग्लंडमधील प्रतीक्षायादी २०२३ मध्ये सत्तर लाखांच्या पुढे गेली होती आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी महिनोन्‌महिने थांबणाऱ्या वृद्धाला तत्त्वाचे समाधान पुरत नाही. परंतु त्या यादीत प्राध्यापकही असतो आणि सफाई कामगारही. यादी लांबली की संसदेत आरडाओरडा होतो, तो त्यामुळेच.

हा विचार आपल्याला परका होता असेही नाही. नाशिकमध्ये जन्मलेले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली एक समिती नेमली गेली. तिने १९४६ साली अहवाल दिला. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व त्या अहवालात आहे आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पनाही तेथूनच रुजली. ब्रिटनचा बेव्हरिज अहवाल १९४२ चा, आपला १९४६ चा. दोन्ही देशांनी एकाच दशकात एकच प्रश्न विचारला. उत्तरासाठी लागणारा पैसा मात्र आपण कधी पुरेसा बाजूला काढला नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत शासकीय आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्के व्हावा असे ठरवले होते. २०२१-२२ साली तो १.८४ टक्के होता. त्याच वर्षी देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के वाटा कुटुंबांनी थेट खिशातून भरला. २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांच्या तुलनेत ही सुधारणा आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु शंभरांतील एकोणचाळीस रुपये ज्या खिशातून जातात, तो खिसा कापसाच्या भावावर अवलंबून असतो, हे आमच्या भागात निराळे सांगावे लागत नाही.

आता आमच्या तालुक्याकडे येऊ. तालुक्याचे नाव केळापूर; कचेरी, बाजार आणि महाविद्यालय पांढरकवड्याला. कापसाचा मुलूख, गोंड, कोलाम, परधान यांचे पोड आणि पाडे. पांढरकवड्याला उपजिल्हा रुग्णालय आहे. त्यापुढचा उपचार हवा असेल तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय यवतमाळला, त्याहून मोठे नागपूरला, किंवा मग हमरस्त्याने पैनगंगा ओलांडून आदिलाबादला. नदीच्या दोन्ही तीरांवर योजनांची कमतरता नाही. पलीकडे, तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशात, २००७ साली ‘आरोग्यश्री’ आली. तेलंगणाने २०२३ च्या डिसेंबरात तिची मर्यादा दहा लाख रुपयांवर नेली. अलीकडे २०१२ साली काही जिल्ह्यांत ‘राजीव गांधी जीवनदायी’ सुरू झाली, २०१३ साली ती राज्यभर गेली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. २०१८ मध्ये केंद्राची ‘आयुष्मान भारत’ आली. या सर्वांचे सूत्र एकच : पैसा सरकारचा, रुग्णालय सरकारी किंवा नोंदणीकृत खाजगी, आणि रुग्णाच्या हाती कार्ड. हृदयाची झडप बदलणे किंवा मूत्रपिंडाची व्याधी अशा आजारांत या कार्डांनी अनेक घरे सावकारापासून वाचवली. त्यांचे मोल आम्ही कमी लेखत नाही.

परंतु कार्ड म्हणजे रुग्णालय नव्हे. या म्हणण्याचा पुरावा २०१७ सालच्या पावसाळ्याने दिला. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावे लागले. अशा विषबाधेत पहिले काही तास निर्णायक असतात. अंगावरचे कपडे उतरवून त्वचा धुणे, प्राणवायू देणे, विष सेंद्रिय फॉस्फरस गटातले असेल तर अ‍ॅट्रोपिन, श्वास मंदावला तर कृत्रिम श्वसनयंत्र, आणि विषाचा अंदाज घेण्यासाठी कोलिनेस्टरेज नावाची रक्ततपासणी, एवढे जवळपास हवे. यातले काहीही पन्नास-साठ किलोमीटरांवर असून भागत नाही. कार्डावर किती लाखांची मर्यादा छापली आहे याला त्या तासात काही अर्थ उरत नाही. आणि ज्या गावात गिऱ्हाईक मजूर आहे, ज्याचा आजार वर्षातून दोन महिनेच येतो, तेथे श्वसनयंत्र घेऊन बसणारे खाजगी रुग्णालय कोणत्या हिशेबाने उभे राहील? त्याने उभे राहावे अशी अपेक्षा करणे त्याच्यावरही अन्याय आहे. बाजार जेथे येऊ शकत नाही, तेथे बाजारातली निवड देऊ करणे याला आम्ही स्वातंत्र्य म्हणू शकत नाही.

येथे थायलंडचे उदाहरण ब्रिटन-अमेरिकेपेक्षा आम्हांस अधिक जवळचे वाटते. ‘तीस बाहत’ या नावाने गाजलेली सर्वांसाठीची आरोग्य योजना त्या देशाने २००२ साली आणली. परंतु त्यापूर्वी दोन-तीन दशके तो देश तालुका पातळीवरची रुग्णालये बांधीत होता आणि नव्या डॉक्टरांना ग्रामीण भागात सक्तीने पाठवीत होता. आधी रुग्णालय, मग कार्ड, असा तो क्रम होता. आपण बऱ्याच अंशी तो उलटा लावला आणि मग कार्ड घेऊन लोक शहराच्या गाडीत बसू लागले.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, सरकारी दवाखान्यात डॉक्टर नसतो, औषध नसते. रात्री बारा वाजता बाजारपेठेतला खाजगी डॉक्टरच दार उघडतो. हे खरे आहे आणि त्या डॉक्टरविषयी आम्हांस आदरच आहे. पण या आक्षेपातून सरकारी दवाखाना सोडून द्यावा असे निष्पन्न होत नाही. तेथील रिकाम्या जागा भराव्यात असेच होते. शिवाय या दोहोंपलीकडची वाटही विदर्भात आहे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय शासनाच्या खात्याचे नाही आणि नफ्याचेही नाही. तेथे डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने परिसरातील गावांसाठी आरोग्यविमा उभा राहिला, त्याची वर्गणी सुगीनंतर ज्वारीच्या रूपाने आणि ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे जमा होई. बिस्मार्कचे तत्त्वच ते, वऱ्हाडी मापाने मोजलेले. त्या व्यवस्थेला ‘सरकारी’ म्हणावे की ‘खाजगी’?

वाङ्मयाच्या वर्गात या चर्चेचे काय काम, असे कोणी विचारील. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र आपण शिकवतो, तेव्हा १८८६ ची फिलाडेल्फियातील पदवी आणि १८८७ मधील अकाली मृत्यू यांवर थांबतो. त्या परतल्या होत्या त्या कोल्हापूर संस्थानच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीकक्षाचे काम स्वीकारून, हा तपशील ओघात निसटतो. एका करुण व्यक्तिकथेत आपण एक सार्वजनिक कथा हरवून बसतो. ती परत वाचायला शिकवणे हे आमचेच काम आहे.

आणि म्हणून आमचा आग्रह एका शब्दासाठी आहे : ‘सार्वजनिक’. गणेशोत्सवाला, वाचनालयाला, पाणवठ्याला आपण तो लावला. दवाखान्याला मात्र ‘सरकारी’ म्हणून तो आपला नसल्याचे जाहीर केले. शब्द बदलल्याने खाट वाढत नाही, हे आम्ही जाणतो. पण जे ‘सार्वजनिक’ आहे त्याचा हिशेब मागता येतो. पांढरकवड्याच्या रुग्णालयात फवारणीच्या हंगामाआधी अ‍ॅट्रोपिन किती आहे, श्वसनयंत्र चालवणारा माणूस नेमला आहे काय, भूलतज्ज्ञाची जागा भरली आहे काय, हे प्रश्न ज्याच्या घरी विषबाधा झाली त्यानेच विचारावेत असे नाही. ज्यांना नागपूरला जाण्याची सोय आहे, त्यांनी ते प्रत्येक मे महिन्यात, पेरणीपूर्वी, लेखी विचारले पाहिजेत.