सेवेच्या नावाखाली

धर्मग्रामातील एखादी वृद्ध शिक्षिका देवाघरी जाते. तीस-पस्तीस वर्षे तिने शाळेत शिकविलेले असते, त्याहून अधिक वर्षे रविवारच्या मिस्सेला पेटी, ऑर्गन किंवा पियानो वाजविलेला असतो आणि नातवंडांना मांडीवर घेऊन जपमाळेची रहस्ये पाठ करून घेतलेली असतात. तिच्याविषयी जे बोलले जाते ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्या श्रद्धाळू होत्या. त्या प्रेमळ आजी होत्या. त्यांनी निःस्वार्थ सेवा केली. ह्या तीन वाक्यांपैकी पहिल्या दोहोंबद्दल माझी तक्रार नाही. तिसऱ्याशी मात्र मला भांडायचे आहे, कारण ‘निःस्वार्थ सेवा’ ह्या दोन शब्दांच्या आड आपण एक जुने देणे बुडवीत आलो आहोत.

प्रथम इतिहास पाहू. पोप दहावे पायस ह्यांनी उपासनासंगीताविषयी आपले प्रसिद्ध आज्ञापत्र काढले ते २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, म्हणजे संगीताची आश्रयदाती संत सेसिलिया हिच्या सणादिवशी. त्या पत्रात दोन मनाया होत्या. गायनवृंदाचे काम हे उपासनेतील खरेखुरे पद आहे आणि स्त्रिया त्या पदास पात्र नाहीत, म्हणून त्यांना गायनवृंदात घेऊ नये. वरच्या पट्टीतील स्वरांसाठी मुलगे घ्यावेत. तसेच चर्चमध्ये पियानो वाजवू नये. एका स्त्री हुतात्म्याच्या सणादिवशी स्त्रीलाही दार बंद आणि पियानोलाही! पुढे १९५५ साली बाराव्या पायस ह्यांनी काही अटींवर स्त्रियांच्या आवाजाला वाट करून दिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये गायनवृंदातील व्यक्ती उपासनेतील खरी सेवा बजावतात असे स्पष्ट केले आणि १९६७ च्या सूचनापत्रात केवळ स्त्रियांच्या गायनवृंदालाही मान्यता मिळाली. आपल्या आज्या ह्या दारातून आत आल्या. दार उघडल्याबद्दल आपण आभार मानतो. परंतु आत आलेल्या स्त्रीला बसावयास कोणती जागा दिली, हे कोणी विचारीत नाही.

गोव्यातील धर्मग्रामशाळांचे उदाहरण घ्या. मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविणारा, चर्चचा गायनवृंद सांभाळणारा ‘मेस्त्र’ हे तेथे एक मान्य पद होते. त्या शाळांतून तयार झालेल्या वादकांनी पुढे मुंबईच्या हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले, हे सर्वश्रुत आहे. तेच काम, म्हणजे मुलांना शिकविणे आणि चर्चमध्ये वाजविणे, वसईत, वांद्र्यात, गिरगावात एखादी शिक्षिका करू लागली तेव्हा त्याचे पद नाहीसे झाले आणि त्याची ‘आवड’ झाली. पुरुषाने केले तर हुद्दा आणि स्त्रीने केले तर हौस! ह्यात धर्मशास्त्र कोठे आले?

ते काम किती कसबाचे आहे ह्याची आपल्याला कल्पनाही नसते. ऑर्गनचा किंवा पेटीचा स्वर हवा आहे तोवर टिकतो. पियानोचा स्वर आघात होताच विरू लागतो. म्हणून पियानो वाजविणारीला गाणाऱ्या समुदायाला सतत पुढे न्यावे लागते. शेकडो माणसे एकत्र गातात तेव्हा प्रत्येक जण शेजाऱ्याची वाट पाहतो आणि गीत मागे रेंगाळू लागते. ती किंचित पुढे राहते, पण ओळीच्या शेवटी मात्र थांबते, कारण मागच्या बाकावरील म्हाताऱ्यांना श्वास घ्यायचा असतो. पहाटेच्या मिस्सेला आवाज चढत नाहीत म्हणून ती पट्टी उतरविते. कम्युनियनची रांग लांबली तर एक कडवे वाढविते, आटोपली तर कडव्याच्या शेवटी अलगद थांबते. वर्गात शेवटच्या मुलाची बेरीज पूर्ण होईपर्यंत थांबणारी बाई आणि ही वादिका एकच आहे. तिची भक्ती ह्या थांबण्यात आहे. केवळ मिटलेल्या डोळ्यांत नाही.

आता काही ठिकाणी तिची जागा ध्वनिमुद्रित संगीताने घेतली आहे. कळ दाबली की तबला, गिटार, व्हायोलिन सारे हजर! तरुणांना हेच आवडते, असे सांगितले जाते. वाद्य कोणते असावे ह्याबद्दल माझा हट्ट नाही. लोकांच्या संस्कृतीतील वाद्यांना परिषदेने मुभा दिली आहे. पण यंत्र कोणासाठी थांबत नाही. समुदाय त्याच्यामागे धावतो, दमतो आणि अखेर गप्प बसून ऐकू लागतो. उपासनेत ग्रामोफोन, ध्वनिमुद्रणयंत्र इत्यादी स्वयंचलित साधनांना १९५८ च्या सूचनापत्राने मनाई केली होती, ती उगीच नव्हे. प्रार्थना जिवंत माणसाने करावयाची असते. आणि एक प्रश्न राहतोच : तरुणांना यंत्र आवडते, की वाजवायला त्यांना कोणी शिकविलेच नाही?

काही वाचक म्हणतील, ‘सेवेला पैशाचे माप लावू नका. देवाच्या घरात बाजार नको.’ हा आक्षेप मी हलका मानीत नाही. अनेक आज्यांनी मानधन देऊ केले तरी ते घेतले नसते. पण न घेणे हा तिचा अधिकार आहे. न देणे हा आपला नव्हे. नकार देण्याची संधीच ज्याला मिळाली नाही, त्याच्या देण्याला दान कसे म्हणावे? सणाच्या मंडपाचे, रोषणाईचे, बँडचे बिल आपण बिनतक्रार चुकते करतो. तेव्हा देवाच्या घरात बाजार भरल्याचे कोणास वाटत नाही. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील २३१ वे कलम सांगते की चर्चच्या विशेष सेवेला वाहून घेतलेल्या प्रापंचिकांनी त्यासाठी आवश्यक ते शिक्षण घ्यावे आणि त्यांना आपल्या स्थितीला साजेसे मानधन मिळण्याचा हक्क आहे. बहात्तर शिष्यांना पाठविताना प्रभूने कामकऱ्याच्या वेतनाविषयी जे सांगितले, ते लूकच्या दहाव्या अध्यायात कोणीही वाचावे.

विधवेच्या दोन नाण्यांवर आपण अनेक प्रवचने ऐकली आहेत. पण मार्कच्या बाराव्या अध्यायात त्या प्रसंगाच्या लगेच आधी काय आहे? विधवांची घरे गिळून लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांवर प्रभूने ओढलेला कोरडा! विधवेची स्तुती करावयाची आणि आधीची वचने वगळावयाची, हे आपल्याला फारच सोयीचे पडते.

पोप फ्रान्सिस ह्यांनी जानेवारी २०२१ मध्ये वाचक आणि वेदीसेवक ही अधिकृत पदे स्त्रियांना खुली केली; त्याच वर्षी मे महिन्यात धर्मशिक्षकाचे पदही प्रस्थापित केले. म्हणजे आपल्या आजीमधील धर्मशिक्षिकेला निदान नाव मिळाले. तिच्यातील वादिका अजून निनावीच आहे. तिच्यासाठी रोमच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. जे करावयाचे ते धर्मग्राम परिषदेच्या एका बैठकीत होण्यासारखे आहे.

माझ्या मागण्या चार आहेत. वार्षिक अंदाजपत्रकात उपासनासंगीतासाठी स्वतंत्र रक्कम असावी. तीतून वादकाला मानधन मिळावे आणि वाद्याची निगा राखली जावी. दरवर्षी निदान दोन मुलांना, त्यांत एक मुलगी असावी, धर्मग्रामाच्या खर्चाने वाद्य शिकवावे. कॅथलिक शाळांतून संगीत शिकवावे असे १९६३ च्या परिषदेनेच सांगितले आहे, तेव्हा शाळांनीही अंग चोरू नये. आणि चर्चच्या स्मरणिकांत धर्मगुरू व देणगीदार ह्यांच्या याद्यांबरोबर ज्यांनी वाजविले व शिकविले त्यांची नावे, त्यांच्या कार्याच्या वर्षांसह, छापावीत. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली म्हणून एका ख्रिस्ती घरातील स्त्रीचे आयुष्य मराठीला ठाऊक झाले. आपल्या आज्यांनी लिहिले नाही. त्यांच्या हाताला इतर कामे होती. त्या हयात आहेत तोवर त्यांना विचारून लिहून घेणे हे आता नातवंडांचे काम आहे.

येत्या २२ नोव्हेंबरला, संत सेसिलियाच्या सणी, पुष्कळ ठिकाणी वादिकांना पुष्पगुच्छ दिले जातील, टाळ्याही पडतील. पुष्पगुच्छ जरूर द्यावा. पण त्याच दिवशी परिषदेने अंदाजपत्रकातील ती ओळ लिहावी आणि शिकाऊ मुलांची दोन नावे घोषित करावीत. १९०३ साली ह्याच दिवशी जे दार बंद झाले होते, ते पुरते उघडण्याची सुरुवात तेथून होईल.