सकाळचें धांवणें आणि मिसळ

आमच्या शाळेचें मैदान सकाळीं सहा वाजतां पालकांस मोकळें असतें. गेल्या दोन-तीन वर्षांत तेथील गर्दी वाढली आहे, हें पाहून आम्हांस मनापासून संतोष होतो. कोणी झपझप चालतात, कोणी धांवतात. कित्येकांबरोबर त्यांचीं मुलेंही असतात. परंतु सात वाजतां हीच मंडळी कोपऱ्यावरील उपाहारगृहांत दिसते, आणि खोटें कशास बोलावें, पुष्कळ दिवस त्या मंडळींत आम्हीही होतों.

एके दिवशीं आठवीच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं मिसळीची बशी पुढें ओढीत आम्हांस विचारलें, "सर, तीन महिने रोज तीन किलोमीटर पळतों आहें. पोट तसूभरही कमी झालें नाहीं. आपण विज्ञान शिकवितां, आपणच सांगा." उत्तर त्यांच्या पुढ्यांतच होतें, पण आमच्याही पुढ्यांत तसलीच बशी असल्यामुळें आम्ही गप्प बसलों. तें राहिलेलें उत्तर आज देत आहों.

हिशेब पांचवींतल्या मुलासही यावा असा आहे. सत्तर किलो वजनाचा मनुष्य एक किलोमीटर धांवला म्हणजे सुमारें ७० उष्मांक, अर्थात् कॅलरी, खर्च होतात. तीन किलोमीटरांस २१०. तेलाच्या एका मोठ्या चमच्यांत सुमारें १२० उष्मांक असतात. म्हणजे सकाळची सारी धांव दोन चमचे तेलापुढें हरते. फरसाण, पाव आणि वर गोड चहा हीं अद्याप मोजलींच नाहींत. घरीं फोडणीस तेल चमच्यानें पडतें व तें आपल्या डोळ्यांसमोर पडतें. उपाहारगृहांत किती पडलें, हें खाणाऱ्यास कधींच कळत नाहीं. त्याला फक्त चव कळते. शरीरांतील एक किलो चरबी म्हणजे सुमारें ७,७०० उष्मांकांची ठेव. ती केवळ या धांवण्यानें मोडावयाची तर छत्तीस-सदतीस सकाळी हव्यात, आणि त्या अवधींत एक घांसही जादा जातां कामा नये!

शिवाय धांवणाऱ्यास चरबीची जागा निवडतां येत नाहीं. पोटाचे व्यायाम केले कीं पोटाचीच चरबी झडते, ही समजूत चुकीची आहे. स्नायूंस लागणारें इंधन रक्तांतून येतें, आणि रक्तांत तें सर्व शरीरांतून येतें. शेजारचें म्हणून पोट आधीं रिकामें होत नाहीं.

मग धांवणें सोडावें काय? मुळींच नाहीं. लंडन शहरांत जेरेमी मॉरिस या वैद्यकीय संशोधकानें १९५३ सालीं दाखवून दिलें कीं, दुमजली बसगाड्यांच्या बसून राहणाऱ्या चालकांपेक्षां, दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या वाहकांस हृद्रोग कमी होतो. पुढें १९५६ सालीं त्यानें त्यांच्या गणवेशांचीं मापें तपासलीं, तेव्हां चालकांच्या विजारी कमरेस अधिक रुंद निघाल्या. व्यायामाची दुसरी एक गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते : वजनाचा कांटा जागचा हालला नाहीं तरीही नियमित धांवण्याचालण्यानें आंतड्यांभोंवतालची व यकृतांतील चरबी उतरूं शकते. या चरबीचीच भीति अधिक. पोट हा केवळ दिसण्याचा प्रश्न असता, तर आम्हीं लेखणी उचललीच नसती.

याविषयीं आपल्या पुण्याचेंच उदाहरण आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांचें छायाचित्र २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत छापलें गेलें. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु शरीरांतील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण हिंदी लोक वरून सडपातळ दिसूनही आंतून चरबी बाळगून असतों. म्हणून आपल्या लोकांकरितां कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांस ९० व स्त्रियांस ८० सेंटिमीटर अशी कडक धरतात. आमचा घेर त्या दिवशीं ९७ भरला. आमच्या सौभाग्यवतींनीं मोजपट्टी घडी करून ठेवली. बोलल्या कांहींच नाहींत.

तथापि आम्हांस खरा धक्का बसला तो घेरामुळें नव्हे. त्याच आठवीच्या मुलानें एकदां वडिलांस विचारलें, "बाबा, आज दोन फेऱ्या जास्त मारल्या, आतां दोन वडे घेऊं ना?" बाप हंसले. आम्हांस हंसूं आलें नाहीं. धांवणें म्हणजे खाण्यापूर्वीं भरावयाचा दंड, असें त्या मुलाच्या मनांत ठसलें होतें, आणि तें ठसविण्यांत आमचाही हात होता. वर्गांत गडबड केली कीं मैदानाच्या पांच फेऱ्या, ही शिक्षा आम्हीं वर्षानुवर्षें दिली आहे. जी गोष्ट शिक्षा म्हणून शिकविली, ती चाळिसाव्या वर्षीं मूल आपण होऊन करील, ही अपेक्षा आम्हीं कोणत्या तोंडानें करावी? ती शिक्षा आम्हीं या वर्षापासून बंद केली आहे.

बाहेर खाऊंच नका, असें आम्ही सांगणार नाहीं. आईबाप दोघेही नोकरीस जातात, मुलें शिकवणीहून रात्रीं परततात, आणि भ्रमणध्वनीवर बोट ठेवितांच जेवण दारांत येतें. अशा घरांस उपदेश करणें सोपें. पण आठवड्यांतून किती वेळां, याची नोंद तरी ठेवावी. आमची नोंद नऊ वेळां निघाली, तेव्हां आमचा विश्वास बसेना. बाहेर जाणें भागच पडलें तर तळलेल्यापेक्षां भाकरी, उसळ, वरण मिळेल अशी खाणावळ पाहावी. तर्री वेगळी मागावी. गोड पेयाऐवजीं ताक घ्यावें.

आतां आम्ही व ते गृहस्थ धांवून थेट घरीं जातों. मिसळ शनिवारीं, दोघांत एक. सहा महिन्यांत आमचा घेर ९३ वर आला आहे. मोजपट्टी व्यायामशिक्षकांच्या खोलींत ठेविली आहे. ज्या पालकांस हवी असेल, त्यांनीं सकाळीं मागून घ्यावी.