कुलपाला खरे नाव हवे

1897 साली आर्देशीर गोदरेज यांनी मुंबईच्या लालबागेत कुलपे घडविण्यास आरंभ केला. परदेशी कुलपाशी त्या काळी स्पर्धा होती ती मजबुतीची आणि विश्वासाची. आज कपाटाच्या साध्या कुलपाला आणखी एका परीक्षेस बसावे लागते, ती म्हणजे कागदावरील आठ आकड्यांची. विषय रुक्ष वाटेल खरा, परंतु अलीगड आणि दिंडिगल येथील कारागिरांच्या पोटाशी तो निगडित आहे.

ब्रुसेल्स येथील जागतिक सीमाशुल्क संघटनेची वर्गीकरण-पद्धती 1 जानेवारी 1988 पासून अमलात आली. तिचे पहिले सहा आकडे सर्व सदस्य देशांना समान असतात. त्यापुढे भारत आणखी दोन जोडतो. सामान्य धातूंच्या कुलपांचे शीर्ष 8301. त्यात टाळे वेगळे, मोटारीचे कुलूप वेगळे आणि फर्निचरसाठीचे कुलूप वेगळे. या शेवटच्याचा भारतीय क्रमांक 8301 30 00. कुलूप विजेवर चालणारे असले तरी शीर्ष बदलत नाही. शेजारच्या 8302 मध्ये बिजागऱ्या, मुठी आणि किल्लीविना लागणाऱ्या खिट्ट्या येतात.

गोंधळ होतो तो येथेच. कपाटाचे कुलूप हा कपाटाचाच भाग, मग ते फर्निचरच्या प्रकरणात, म्हणजे 94 मध्ये, का घालू नये, असा युक्तिवाद सहज सुचतो. परंतु त्या प्रकरणाच्या टिपाच अशा धातूच्या सुट्या वस्तूंना बाहेर ठेवतात. कुलूप कपाटाला बसवून आले तर ते कपाटाबरोबर मोजले जाते. पेटीत सुटे आले तर ते कुलूपच. नियम इतका स्पष्ट आहे.

मग अडचण कोठे? 2011 पासून आपल्याकडे आयातदार स्वतःच मालाचे वर्गीकरण आणि शुल्क ठरवून घोषित करतो. अधिकारी तपासणी करू शकतो. पण प्रत्येक पेटी उघडली जात नाही. ‘फर्निचर फिटिंग’ असे मोघम दोन शब्द लिहिले की कुलपे बिजागऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतात. यात केवळ महसुलाचा प्रश्न नाही. परदेशी माल पडेल भावाने येत असल्याची तक्रार उद्योगाला करायची असेल, तर आयातीचे आकडेच पुरावा म्हणून मांडावे लागतात. माल चुकीच्या नावाने नोंदला गेला, तर तो पुरावाच हरवतो. निर्यातदाराचेही तसेच. 2021 पासून लागू असलेल्या ‘रोडटेप’ योजनेतील परतावा याच आठ आकड्यांवर ठरतो. चुकीचा आकडा म्हणजे एक तर हक्काचा पैसा गमावणे, नाही तर पुढे वसुलीची नोटीस.

येथे एक पथ्य पाळावयास हवे. स्वदेशी उद्योगाच्या कळकळीपोटी वर्गीकरण वाकवा, असे कोणी म्हणू नये. शुल्क किती असावे हा धोरणाचा प्रश्न आहे. वस्तूला काय म्हणावे हा सत्याचा प्रश्न आहे. पहिल्यावर संसदेत वाद व्हावेत. दुसऱ्यात सोय पाहू नये. प्रामाणिक आयातदारालाही निश्चिततेचा तेवढाच अधिकार आहे.

त्यासाठी साधने उपलब्ध आहेत. मुंबई आणि दिल्ली येथील सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे माल येण्यापूर्वीच विचारणा करता येते. परंतु चार कामगारांच्या कारखानदाराला ही वाट कोण दाखविणार? उद्योग-संघटनांनी आपल्या मालाचे नमुने, छायाचित्रे आणि अचूक क्रमांक यांची छोटी पुस्तिका मराठी, हिंदी आणि तमिळमध्ये काढावी. खर्च फारसा नाही, इच्छा हवी.

कारागीर लिव्हरचा खाचा केसभरही चुकू देत नाही, कारण चुकलेल्या खाचेत किल्ली फिरत नाही. कागदावरच्या आकड्याबाबतही आपण तेवढेच काटेकोर व्हायला हवे.