रानांतील राघू आणि कॅमेरा

हल्लीं कॅमेरा प्रत्येकाच्या खिशांतच असतो. त्यामुळें सुटीच्या दिवशीं रानांत जाऊन पक्ष्यांचीं छायाचित्रें घेण्याचा छंद तरुण मंडळींत फार वाढला आहे. छंद उत्तम, त्यानें डोळा आणि धीर दोन्ही तयार होतात. परंतु पिंजऱ्यांतील मिठूचें चित्र घेणें निराळें आणि रानांतील राघूचें घेणें निराळें.

पहिली अडचण रंगाची. शुकाच्या पिसांत हिरवें द्रव्य नसतेंच. द्रव्य असतें पिवळें. पिसांच्या सूक्ष्म रचनेमुळें निळा प्रकाश परततो, आणि दोहोंच्या मिश्रणानें आपणांस हिरवा रंग दिसतो. तो पानांशीं इतका जुळतो कीं, भरल्या झाडांत थवा बसला तर केवळ कलकलाट ऐकूं येतो. यावरील उपाय ऋतूच्या हातीं आहे. माघ-फाल्गुनांत सावर आणि पळस निष्पर्ण होऊन फुलांनीं लाल होतात, व राघू तेथें मधासाठीं येतात. सकाळचें ऊन पाठीशीं घेऊन स्वस्थ बसावें. नराच्या गळ्यांतील काळा-गुलाबी कंठ स्पष्ट दिसतो. मात्र तो सुमारें तिसऱ्या वर्षीं येतो, म्हणून कंठ नाहीं ती मादीच, असें समजूं नये. सह्याद्रीच्या दाट रानांत निळ्या पंखांचा पोपट आढळतो. पश्चिम घाटाबाहेर तो जगांत कोठेंही नाहीं.

सावर म्हणजे संस्कृतांतील शाल्मली. बाणभट्टाच्या कादंबरींतील वैशंपायन शुक पंपासरोवराजवळच्या अशाच जीर्ण शाल्मलीच्या ढोलींत जन्मला. एक वृद्ध शबर झाडावर चढून एकेक पिलूं काढून मारतो, आणि म्हातारा पिता आपल्या पिलाला पंखांखालीं झांकून घेतो. वर्गांत हा प्रसंग सांगतांना दंगेखोर मुलेंही स्तब्ध होत.

तो शबर अद्याप गेलेला नाहीं. फक्त आतां तो पिलें मारीत नाहीं, विकतो. आमच्या ओळखीच्या एका तरुणानें ढोलीतून डोकावणाऱ्या पिलांचें सुरेख चित्र काढलें व गांवाच्या नांवासह शेंकडों लोकांस धाडलें. आठ-दहा दिवसांनीं पुन्हां गेला तों ढोली रिकामी, आणि खोडावर खुंट्या ठोकल्याचे ताजे व्रण. मुलगा दोन दिवस नीट जेवला नाहीं. फोनचा कॅमेरा, ती सोय चालू असल्यास, चित्रासोबत स्थळाचे अक्षांश-रेखांशही नोंदवितो, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. ती सोय प्रथम बंद करावी.

आपल्याकडील पोपट पकडणें, विकणें वा पाळणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे. तरीही पुष्कळ सुशिक्षित घरांच्या ओटीवर पिंजरा टांगलेला दिसतो, आणि घरांतील वडील मंडळी कौतुकानें त्याला मिरची भरवितात. त्यांना हें लिहिणें रुचणार नाहीं, याची मला कल्पना आहे. पण गिऱ्हाईक आहे म्हणून खुंट्या ठोकणारा आहे.

ढोलीपाशीं तर जाऊंच नये. आपल्याला पाहून मादी आंत शिरण्यास कचरूं लागली, तर अंडीं थंड पडतात आणि पिलें उपाशी राहतात. त्यापेक्षां सूर्यास्ताच्या सुमारास वसतीच्या झाडाकडे परतणारे थवे टिपावे. वेग मोठा असतो. शटर एक सहस्रांश सेकंद किंवा त्याहून जलद ठेवावें, आणि थव्याच्या अग्रभागीं असलेल्या पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवीत जावा.