विमान तासाभराचं, पण कुपवाडकरांचा प्रवास पाच तासांचा

कुपवाड : कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून मुंबई सरळ रेषेत साधारण 300 किलोमीटर आहे. विमान हे अंतर तासाभरात कापतं. तिकीट काढताना मोबाइलवर तेवढंच दिसतं. पण कुपवाडच्या माणसाचा प्रवास घराला कुलूप लावल्यापासून सुरू होतो.

हिशेब मांडून बघा. कुपवाड ते उजळाईवाडी रस्त्यानं जवळपास 50 किलोमीटर, म्हणजे सव्वा ते दीड तास. उड्डाणाआधी तास-दीड तास विमानतळावर हजर राहायचं. विमानात एक तास. मुंबईत उतरून मुक्कामी पोचायला आणखी तासभर. झाले साडेचार-पाच तास. स्वतःच्या गाडीनं सात-आठ तास लागतात. मिरजेतून रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसलं की झोपेतच मुंबई येते. म्हणजे विमानानं वाचतात ते दोन-तीन तास.

म्हणूनच कवलापूरचा विषय सारखा वर येतो. तिथली जुन्या धावपट्टीची सुमारे 160 एकर जागा कुपवाडपासून दहा किलोमीटरच्या आत आहे. तिथून विमान उडालं तर जाताना एक तास आणि येताना एक तास वाचेल. एमआयडीसीतले उद्योजक, दवाखान्याचे पेशंट, बाहेरगावी शिकणारी पोरं यांच्यासाठी ही मागणी रास्तच आहे.

पण दुसरी बाजूही बघायला पाहिजे. कवलापूर ते उजळाईवाडी हवाई अंतर जेमतेम 45 किलोमीटर. प्रवासी बरेचसे तेच. कंपनी विमान आणते ते सीटा भरतात म्हणून, धावपट्टी आहे म्हणून नव्हे. शेजारचं सोलापूर बघा. विमानतळ होता, पण साखर कारखान्याची चिमणी आडवी आली. ती 2023 मध्ये पाडली, तरी नियमित विमान सुरू व्हायला 2025 उजाडलं.

शेतकऱ्याचा फायदा किती? तासगाव-मिरज भागातली निर्यातीची द्राक्षं प्रामुख्यानं थंड कंटेनरमधून न्हावाशेवा बंदरात आणि तिथून जहाजानं युरोपला जातात. छोट्या प्रवासी विमानाच्या पोटात माल मावतो तो टन-दोन टन. उलट धावपट्टी वाढवायची ठरली तर आजूबाजूची रानं जातील, आणि विमानाच्या वाटेखाली उंच बांधकामाला मर्यादा येतील. कवलापूर आणि शेजारच्या गावांनी हे आधीच विचारून घेतलेलं बरं.

दरम्यान हातातलं काम कोणतं? सांगली-कोल्हापूर रस्ता. याच मार्गावर अंकली ते चोकाक पट्ट्यात भूसंपादनाचा मोबदला चौपट द्या म्हणून शेतकऱ्यांनी आंदोलनं केली. हा तिढा बराच काळ रेंगाळला. तिथल्या शेतकऱ्याला योग्य पैसे मिळून रस्ता चांगला झाला, आणि विमानाच्या वेळेला धरून मिरज-सांगलीतून थेट एसटी सुटली, तर अर्धा तास सहज वाचेल. त्यासाठी नवा विमानतळ लागत नाही.

कवलापूरची मागणी सोडा असं कुणी म्हणणार नाही. पण पुढच्या वेळी व्यासपीठावरून विमानाची घोषणा झाली, की तीन प्रश्न विचारा : कुठली कंपनी येणार, आठवड्यातून किती दिवस उडणार, आणि कुणाची किती जमीन जाणार? उत्तर मिळालं तर टाळ्या वाजवू.